क्रियापदांचे बांध



वसंतातल्या व्याख्यानाला येणारा श्रोता हा मोठ्या धीराचा माणूस असतो. दिवसभराचा उकाडा सोसावयाचा, संध्याकाळी गाडीतल्या गर्दीतून अंग सोडवून घ्यावयाचे, घरी जाऊन घोटभर चहा घ्यावयाचा आणि घरचे 'आता पुन्हा कुठे?' म्हणेतो पायात चपला सरकवून येथे येऊन बसावयाचे. अशा श्रोत्यापुढे इतिहासातली एखादी लढाई मांडावी, संतांचे चरित्र सांगावे, निदान महागाईवर तरी बोलावे. आम्ही निवडला आहे तो विषय क्रियापदांचा. विषय कळवला तेव्हा एक स्नेही म्हणाले, 'अहो, शाळेत बाईंनी छडी घेऊन शिकवली तेव्हाही आम्हांला क्रियापदे नकोशी वाटत होती. आता छडीही नाही. मग लोक ऐकतील कशाला?'

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु आमचा धंदा भाषांतराचा. उमेदीची वर्षे आम्ही न्यायालयीन कागद मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करण्यात घालवली, आणि त्या वर्षांनी आम्हांस एकच गोष्ट शिकवली. नाम चुकले तर वाचणारा हसतो. क्रियापद चुकले तर कुणीतरी भोगतो. हे म्हणणे जरा मोठे वाटेल. ते खरे आहे की नाही, एवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, आणि ज्याच्या शेजारच्या कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे, तेथे शब्दांवर तासभर बोलण्याची परवानगी मागावी लागू नये, असा आमचा भरवसा आहे.

आरंभ आपल्या रोजच्या गाडीपासूनच करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोचली. तेव्हापासून आपले अर्धे आयुष्य एका क्रियापदाभोवती फिरते आहे. ते क्रियापद म्हणजे 'थांबणे'. फलाटावर कर्ण्यातून आवाज येतो की, ही जलद गाडी मधल्या स्थानकांवर थांबणार नाही. त्याच वेळी आपल्या शेजारचा गृहस्थ मित्राला फोनवर सांगत असतो, 'मी पुलाखाली तुझ्यासाठी थांबतो.' त्याच्या पलीकडची मावशी भाचीला म्हणत असते, 'आजच्या दिवस थांब की, जेवूनच जा.' बाहेर पाऊस थांबलेला असतो. आणि फलाटाच्या टोकाला एक पोरगा दुसऱ्या पोराला बजावत असतो, 'थांब, तुला दाखवतोच!'

पाच माणसे आणि क्रियापद एक. आता हे इंग्रजीत न्या. गाडीला 'स्टॉप' लागेल. मित्रासाठी 'वेट' लागेल, मावशीला 'स्टे' लागेल, पावसाला 'सीज' चालेल. आणि त्या पोराच्या 'थांब'ला यांपैकी एकही शब्द लागणार नाही, कारण तो दुसऱ्याला थांबवीतच नाही. तो धमकी देतो आहे. कोशात 'थांबणे' काढून पाहिले तर हे शब्द एका ओळीत, स्वल्पविरामांनी जोडलेले, भावंडांसारखे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. नवशिक्याला वाटते, यातला कुठलाही उचलावा. तो उचलतो आणि मावशी भाचीला वाट पाहावयास लावते.

असे का होते? आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण फार साधे आहे. आपल्या भागात एके काळी सगळीकडे भातशेती होती. अजूनही कल्याणच्या पलीकडे ती दिसते. जमीन सलग असते, पण शेतकरी तिच्यावर बांध घालतो आणि खाचरे पाडतो. दोन गावांच्या जमिनी सारख्या असल्या तरी बांध सारख्या जागी पडत नाहीत. माणसाचे करणे-सवरणे हीही अशीच सलग जमीन आहे. प्रत्येक भाषा तिच्यावर आपले बांध घालते, आणि एकेका खाचराला एकेक क्रियापद देते. इंग्रजांनी ज्या जागी चार खाचरे केली, तेथे आपण 'थांबणे' हे एकच मोठे शेत ठेवले. म्हणून भाषांतरकाराने 'या शब्दाला प्रतिशब्द काय?' असे विचारून भागत नाही. 'आपण उभे आहोत ती जमीन कुठली, आणि पलीकडच्या भाषेने तिथे बांध कुठे घातला आहे?' असे त्याला विचारावे लागते.

यावरून कुणास वाटेल की इंग्रजी बारीक आणि मराठी ढोबळ. तसे मुळीच नाही. स्वयंपाकघरात चला. इंग्रजीत सारे 'कट' होते. मराठी गृहिणी भाजी चिरते, सुपारी कातरते, कोथिंबीर खुडते. तिचा भाऊ शेतावर भात कापतो, ऊस तोडतो, फांदी छाटतो. इंग्रजीत सारे 'ब्रेक' होते. आपण नारळ फोडतो, काडी मोडतो, दोरा तोडतो. काच फुटते, हाड मोडते, दोर तुटतो, आणि यांत कुणी अदलाबदल केली तर घरातले चार वर्षांचे मूलसुद्धा हसते. इंग्रजी माणूस सारे काही 'वेअर' करतो. आपल्याकडे साडी नेसावी लागते, सदरा घालावा लागतो, शाल पांघरावी लागते, फेटा बांधावा लागतो, गजरा माळावा लागतो आणि चष्मा लावावा लागतो. साडी घातली असे कुणी म्हणाले, की आजीच्या कपाळाला आठी पडते. ती आठी म्हणजेच बांध. आजीने व्याकरण वाचलेले नसते, पण बांध कुठे आहे ते तिच्या पायांना माहीत असते.

येथे थोडा लांबचा फेरा मारू. पण तो आपल्याच गावातून निघतो. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. ते गेले, पण घरात शब्द ठेवून गेले. चावी त्यांची, पाव त्यांचा, बटाटा त्यांचा. आणि ज्या शब्दाची आपण महिनाभर वाट पाहतो तो 'पगार'ही त्यांचाच. गंमत अशी की पोर्तुगीज भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे. पैसे चुकते करणे, हा त्याचा अर्थ. आपण ते घेतले, त्याचे नाम केले, आणि क्रियापद मात्र आपलेच ठेवले. आपण पगार देतो, पगार घेतो, पगार उडवतो. भाषा परक्याकडून वस्तूंची नावे सहज उसनी घेते, पण करण्याचे शब्द सहसा आपल्या हातून सोडीत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्यावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण स्पॅनिश. आज आपल्या गावांतली मुले नोकरीधंद्यासाठी जर्मन, फ्रेंच, जपानी शिकतात, तशी स्पॅनिशही शिकतात. एका ओळखीच्या मुलीची वही चाळताना आम्हांस एक मौज आढळली. तिला इंग्रजी वाक्ये स्पॅनिशमध्ये करावयास दिली होती आणि तिची पुनःपुन्हा एकाच प्रकारची चूक होत होती. इंग्रजीतले 'आस्क' तिने सगळीकडे एकाच क्रियापदाने उतरवले होते. स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारण्यास 'प्रेगुन्तार' आणि वस्तू मागण्यास 'पेदिर' अशी दोन क्रियापदे आहेत. बाईंनी लाल शाईने खुणा केल्या होत्या. आम्ही तिला म्हटले, 'अगं, तू इंग्रजीवरून का जातेस? तुझ्या आजीवरून जा. आजी नाव विचारते आणि पाणी मागते. ती पाणी विचारते का?' मुलगी थबकली, आणि पुढची सगळी वाक्ये तिने बिनचूक लिहिली.

हे एकच उदाहरण नाही. इंग्रजीत माणूस गोष्टही 'नो' करतो आणि माणसालाही 'नो' करतो. स्पॅनिशमध्ये गोष्ट माहीत असण्यास 'साबेर' आणि व्यक्तीची ओळख असण्यास 'कोनोसेर'. आपणही पत्ता माहीत आहे म्हणतो आणि माणसाला ओळखतो म्हणतो. इंग्रजीत 'कॅन' म्हटले की दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात पडतात. ज्याला पोहण्याची विद्या अवगत आहे, त्याच्यासाठी स्पॅनिश 'साबेर' वापरते. ज्याला या घडीला पोहणे शक्य आहे, त्याच्यासाठी 'पोदेर'. मराठीत हा भेद किती स्वच्छ आहे पाहा. 'मला पोहता येते, पण आज पाय मुरगळला आहे म्हणून मी पोहू शकत नाही.' उल्हास नदीच्या काठी वाढलेला कुठलाही मुलगा हे वाक्य सहज बोलेल. आणि आवडण्याचे तर विचारूच नका. इंग्रजीत माणूस आंब्याला आवडून घेतो, म्हणजे कर्ता माणूस. स्पॅनिशमध्ये आंबाच माणसाला आवडतो. 'मे गुस्ता' म्हणजे शब्दशः 'मला आवडते'. माद्रिद येथून आपल्या गावांचे अंतर हजारो कोसांचे, पण या एका बांधावर आपण आणि ते शेजारी आहोत.

मात्र शेजार आहे म्हणून घर एक समजू नये. 'असणे' या क्रियापदापाशी स्पॅनिश आपली पुरती परीक्षा घेते. तिच्यात 'सेर' आणि 'एस्तार' अशी असण्याची दोन क्रियापदे आहेत. वस्तूचा स्वभाव सांगावयाचा तर पहिले, तिची अवस्था सांगावयाची तर दुसरे. फळ हिरव्या रंगाचे आहे, यास 'सेर' लागते. विशेषण तेच ठेवून केवळ क्रियापद 'एस्तार' केले, की अर्थ होतो फळ अजून कच्चे आहे. आपण हे काम क्रियापदाकडे न देता विशेषणाकडे देतो. एकदा 'हिरवे' म्हणतो, एकदा 'कच्चे' म्हणतो. आपल्याकडेही 'आहे' आणि 'असतो' हा भेद आहे. 'हा आंबा गोड आहे' म्हणजे हातातला. 'हापूस गोड असतो' म्हणजे जातच तशी. परंतु आपला हा बांध आणि त्यांचा तो बांध एका रेषेत नाहीत. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ते जगप्रसिद्ध स्वगत इंग्रजीत असण्याच्या साध्या क्रियापदावर उभे आहे. स्पॅनिश भाषांतरकारांनी तेथे 'सेर' घेतले. मराठीत १८८३ साली आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने ते नाटक आणले, आणि तेव्हापासून आजवर प्रत्येक रूपांतरकाराला तेथे थबकून ठरवावे लागले आहे की, राजपुत्राचा प्रश्न असण्याचा, जगण्याचा की उरण्याचा. इंग्रजी वाचकाला हा प्रश्न पडत नाही. भाषांतर करणाऱ्याला तो पडतो, आणि म्हणूनच मूळ वाक्य त्याला जास्त कळते.

आता कोणी म्हणेल, मग कोश कशासाठी? कोशांविषयी आमच्या मनात अनादर नाही. उलट ऋण आहे. मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने येथील शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला, आणि १८५७ साली पहिल्या कोशाची वाढवलेली आवृत्ती निघाली. ती आजही आमच्या टेबलावर आहे. मोल्सवर्थचे थोरपण असे की तो नुसते प्रतिशब्द देऊन मोकळा होत नाही. शब्द कशाच्या संगतीत बसतो हेही जागोजाग सांगतो. परंतु कोश म्हणजे पंचायतीपुढे उभी केलेली साक्षीदारांची रांग. निकाल आपल्यालाच द्यावा लागतो. आम्ही तरुणांना एक युक्ती सांगत असतो. इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दापुढे पाच मराठी क्रियापदे सापडली, की तेथे थांबू नये. ती पाचही उलट मराठी-इंग्रजी कोशात काढून पाहावी. परतीच्या वाटेवर कोण कुठे जातो ते पाहिले की पाच भावंडांतले चार जण दुसऱ्याच घरचे निघतात.

असो. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिकडे वळतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत फिर्यादी, जबाब, साक्षी पुष्कळशा मराठीत असतात. प्रकरण मुंबईस उच्च न्यायालयात गेले की तेथील कामकाजाची भाषा इंग्रजी. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानेच तसे ठरवले आहे. म्हणजे वाटेत कुणीतरी बसून त्या मराठीचे इंग्रजी करावयाचे. तो कुणीतरी म्हणजे आम्ही.

मराठीत एक भयंकर क्रियापद आहे. ते म्हणजे 'मारणे'. आई मुलाला मारते, शिकारी वाघ मारतो, पोरगा हाक मारतो, तलावपाळीवर संध्याकाळी आपण चकरा मारतो. नवखे असताना एका खटल्याच्या कागदांत आम्हांस वाक्य आढळले, 'दिराने माझ्या नवऱ्याला मारले.' प्रकरण खुनाचे होते. पाकीट पाहून पत्ता लिहावा तसे आम्ही प्रकरण पाहून क्रियापद लिहिले आणि 'किल्ड' हा शब्द ठोकून दिला. आमच्या वरचे गृहस्थ वृद्ध आणि शांत होते. त्यांनी तो कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, 'रावसाहेब, पुढच्या ओळीत हा मेलेला मनुष्य दवाखान्यात जाऊन मलमपट्टी करून घरी आला आहे. हा चमत्कार कुठल्या कलमाखाली नोंदवायचा?' तो जबाब मूळ गुन्ह्याच्या वर्षभर आधीच्या भांडणाचा होता. आम्ही शरमेने पाणी झालो. पण ती चूक निदान टेबलावरच सापडली.

दुसरी सापडली नाही. दोन तरुणांची मारामारी झाली होती. फिर्यादीत शब्द होते, 'त्याने माझ्या हातातले घड्याळ काढून घेतले.' आम्ही इंग्रजीत लिहिले 'रॉब्ड'. शब्द जोरकस होता, वाक्य घोटीव झाले, आम्ही स्वतःवर खूश झालो. पण कायद्याच्या दृष्टीने हे शब्द म्हणजे एकमेकांचे पर्याय नव्हेत. १८६० च्या दंडसंहितेत साधी चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे नेणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ती चोरी करताना माणसाला इजा केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली, की ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तीच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की तो दरोडा. मूळ फिर्यादीत त्या तरुणाने घड्याळासाठी मारले होते, की भांडण संपल्यावर रागाने घड्याळ काढून घेतले होते, हे स्पष्ट नव्हते. अस्पष्ट होते ते अस्पष्टच ठेवणे हे आमचे काम होते. आम्ही ते स्पष्ट करून टाकले, आणि तेही त्याच्या विरुद्ध. जामिनाच्या वेळी वकिलांनी मूळ मराठी दाखवले, भाषांतर दुरुस्त करून मागितले, आणि सुनावणी पुढे गेली. जामीन झाला, पण मध्ये नऊ दिवस गेले. तो मुलगा दोषी होता की निर्दोष, आम्हांस माहीत नाही. ते ठरवणे आमच्याकडे नव्हतेच. पण ते नऊ दिवस त्याने आमच्या एका क्रियापदापायी कोठडीत काढले. त्यानंतर गोळीबंद वाक्याचा मोह झाला की आम्हांस ते घड्याळ आठवते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात चोरी आणि जबरी चोरी आहेतच, पण ३०४व्या कलमाने त्यांच्याजवळ एक नवा बांध घातला आहे. एकाएकी, झपाट्याने किंवा बळजोरीने वस्तू हिसकावून नेणे, हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. पहाटे फिरावयास गेलेल्या बाईच्या गळ्यातली साखळी ओढून पळणारा दुचाकीस्वार आपल्या गावांना अपरिचित नाही. पूर्वी 'ओढली', 'खेचली', 'हिसकावली', 'काढून घेतली' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरीत होतो. यापुढे फिर्याद देताना, लिहून घेताना आणि तिचे भाषांतर करताना प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागेल. कायद्याने एक क्रियापद उचलून त्याला कलमाचा क्रमांक दिला, की ते पूर्वीसारखे राहत नाही.

न्यायालयाशी आपला संबंध येत नाही, असे म्हणणारे भाग्यवान श्रोते येथे पुष्कळ असतील. त्यांनी घरातले औषधाचे कपाट उघडावे. वेष्टणावर इंग्रजीत बारीक अक्षरांत 'स्वॅलो', 'च्यू', 'क्रश', 'डिझॉल्व्ह' असे शब्द असतात. आपण घरात वडीलधाऱ्यांना काय सांगतो? 'आबा, गोळी घ्या.' 'घेणे' हे क्रियापद प्रेमळ आहे, पण औषधाच्या बाबतीत ते आंधळे आहे. काही गोळ्या अशा बनवलेल्या असतात की त्यांतले औषध पोटात तासन्‌तास हळूहळू सुटावे. ती गोळी गिळावयाची असते. गिळणे कठीण जाते म्हणून ती कुटून मधात दिली, तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. दुसरी एखादी गोळी चावूनच खावयाची असते, तिसरी चघळावयाची, चौथी जिभेखाली धरावयाची. मलमाचेही तसेच. लावणे वेगळे आणि चोळणे वेगळे; भाजलेल्या जागी मलम चोळणाऱ्याला रोगी लगेच हा भेद समजावून देतो. गिळणे, चावणे, चघळणे, विरघळवणे, लावणे, चोळणे ही सारी क्रियापदे आपल्याजवळ आहेत. तेव्हा दारिद्र्य भाषेचे नसून निवडण्याच्या आळसाचे आहे.

शासनाच्या मराठीविषयी दोन शब्द बोलणे उचित होईल. महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. इंग्रजी कायद्यांचे मराठी करावयाचे तर पहिली अडचण आली ती 'शल' आणि 'मे' या दोन चिमुकल्या सहायक क्रियापदांची. एकाने कर्तव्य येते, दुसऱ्याने मुभा मिळते. कायद्याच्या मराठीत पहिल्यासाठी 'करील' आणि दुसऱ्यासाठी 'करू शकेल' किंवा 'करता येईल' असे रूढ झाले. आता सामान्य वाचक 'अधिकारी चौकशी करील' असे वाचतो आणि मनात म्हणतो, 'करील, केव्हातरी करील!' घरी आपण 'तो येईल' म्हणतो तेव्हा आशा असते, हुकूम नसतो. कायद्यातले 'करील' मात्र हुकूम आहे. हे एवढे ज्याला कळले, तो कचेरीत खिडकीपाशी उभा राहून निराळ्या आवाजात बोलतो. साहेबांनी कृपा करावी असे तो म्हणत नाही. साहेबांवर हे बंधन आहे असे म्हणतो.

शेवटी एक गोष्ट थोड्या काळजीने सांगावयाची आहे. परक्या शब्दांना भिणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. स्टेशन, तिकीट, कोर्ट हे शब्द आपले झाले. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द दिले, तेही रुळले. पण ध्यानात घ्या, हे सगळे नावांचे शब्द आहेत. भाषा नावे उसनी घेते, करण्याचे शब्द सोडीत नाही, हे आम्ही 'पगार' शब्दापाशी म्हटले होते. आता ती सोडू लागली आहे काय, अशी शंका येते. 'भाजी कट कर, फोन कट कर, केस कट कर, पैसे कट झाले.' चिरणे, ठेवणे, कापणे आणि वळते होणे, अशी चार खाचरे एका 'कट करणे'ने सपाट झाली. 'मला पोहता येते' म्हणणाऱ्याचा नातू 'मी पोहू शकतो' एवढेच म्हणतो, आणि त्याला विद्या आहे की नुसती सवड आहे, हे आपल्याला विचारून घ्यावे लागते. इंग्रजी शब्द आला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. बांध मोडला याचे आहे. बांध मोडला की भाताच्या खाचरात पाणी ठरत नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावयास नको.

तरुण भाषांतरकारांना आणि घरोघरच्या हौशी दुभाष्यांना आम्ही तीन प्रश्न देऊन ठेवतो. इंग्रजी क्रियापद समोर आले, की आधी विचारावे: कुणी कशाला काय केले? मग विचारावे: ते करून झाल्यावर काय उरले, म्हणजे वस्तू फुटली की मोडली, माणूस दुखावला की मेला, निघाला की पोचला? आणि तिसरे: मुळात जे सांगितलेले नाही, ते आपण पदरचे घालत तर नाही ना? पहिले दोन प्रश्न शब्द शोधून देतात. तिसरा आपल्याला आवरतो. आम्ही तो तिसरा प्रश्न उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

या सभागृहातून बाहेर पडल्यावर आपण स्थानकाकडे जाल. कर्ण्यातून आवाज येईल की गाडी अमुक ठिकाणी थांबणार नाही. कुणी आपल्यासाठी थांबले असेल, कुणी आपल्याला थांबा म्हणेल. त्या वेळी हे शब्द एकदा तळहातावर घेऊन पाहिलेत, तर आमचा तास वाया गेला नाही असे आम्ही समजू. आपण एवढा वेळ थांबलात, आणि हे थांबणे कुठल्या अर्थाचे ते आपण जाणताच.